पाण्याच्या मोटारीचा डबा, फ्रीज आणि लोखंडी सेफ्टी डोअरवर एनएफसी टॅग वाचत नाही. फेराइट लावू की दुसरं काही?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, चालू आहे. फोन टेकवला की वाचले जाणारे एनएफसी टॅग आहेत, एनटॅग २१३ चिपचे २५ मिलिमीटर व्यासाचे गोल स्टिकर. लाकडी दार, टाइल, मॉड्युलर बोर्डाची प्लेट, कुठेही लावा, फोन दोन-तीन सेंटीमीटरवरूनच टिपतो. तीन जागी मात्र मुळीच नाही.

पहिली जागा मोटारीचा स्टार्टर डबा. पत्र्याचा, वर पावडर कोटिंग. पाणी चार-पाच दिवसांआड, कधी पहाटे तर कधी रात्री. घरात जो जागा असेल त्यानं फोन टेकवायचा, हौदातून वरच्या टाकीत पाणी चढायला लागावं, ४० मिनिटांनी मोटार आपोआप बंद व्हावी आणि पाणी कोणत्या वारी किती वाजता आलं त्याची नोंद राहावी.

दुसरी जागा फ्रीजचं दार. रोजच्या दुधाचा हिशेब: एकदा टेकवलं की अर्धा लिटर जमा.

तिसरी सेफ्टी डोअर, चौकोनी पाइपाची चौकट आणि मध्ये जाळी. बाहेर पडताना टेकवलं की पंखे, दिवे, गीझर सगळं बंद. दार पश्चिमेला आहे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये काय तापतं ते सोलापूरकरांना सांगायला नको.

फ्रीजच्या दाराला चुंबक चिकटत नाही, म्हणून तिथे तरी चालेल असं वाटलं होतं. नाही चालला. खाली एक मिलिमीटरचा डबल टेप लावूनही नाही. आता अँटी-मेटल (खास धातूवर लावायचे) टॅग घ्यावेत, की फेराइट (लोहाच्या ऑक्साइडचं चुंबकीय द्रव्य) शीट आणून आहेत त्याच टॅगखाली लावावी? आणि बाजारात चुंबकी रबराची काळी पट्टी मिळते तीही फेराइटचीच असते म्हणतात, ती चालेल का?

कॉइलवाला

चुंबक चिकटतो की नाही याचा इथे काडीचाही संबंध नाही. लोखंड, स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम, पितळ, जे जे वीज वाहून नेतं ते ते एनएफसीचं शत्रू.

टॅगमध्ये बॅटरी नसते. फोनची कॉइल १३.५६ मेगाहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यावर टॅगची कॉइल चिपपुरती वीज कमावते. टॅगमागे पत्रा असला की त्याच क्षेत्रामुळे पत्र्यात भोवरा प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं उलटं क्षेत्र मूळ क्षेत्राला जवळजवळ खाऊन टाकतं. पत्र्याला अगदी लागून तर टॅगच्या वेटोळ्यातून आरपार जाणारं क्षेत्र उरतच नाही. पातळ पत्रा चालेल अशी आशाही नको. या वारंवारतेला अ‍ॅल्युमिनियममध्ये प्रवाह वरच्या साधारण २२ मायक्रॉनमध्येच वाहतो, त्यामुळे पोळ्या गुंडाळायची फॉइलसुद्धा टॅगची वाट लावते. जाळीचंही तेच, जाळीचा प्रत्येक बंद चौकोन म्हणजे एक वेटोळंच.

दुसरं नुकसान ट्यूनिंगचं. एनटॅग २१३ च्या आत ५० पिकोफॅरडची धारिता (कपॅसिटन्स) असते. १३.५६ मेगाहर्ट्झला जुळायला कॉइलचं इंडक्टन्स २.७५ मायक्रोहेन्रीच्या आसपास लागतं. पत्रा जवळ आला की इंडक्टन्स घटतं, अनुनाद (टॅग सर्वांत जास्त प्रतिसाद देतो तो बिंदू) वरच्या वारंवारतेला सरकतो आणि उरलीसुरली वीजही टॅगला नीट घेता येत नाही. त्यात फोनची कॉइलही मोठ्या पत्र्यासमोर अशीच बिघडते. म्हणून सगळं जमवून आणलं तरी धातूवर लाकडाइतका पल्ला मिळत नाही. एक सेंटीमीटर मिळाला तर समाधान मानायचं.

फेराइट शीट काय करते? क्षेत्राच्या रेषांना पत्र्यात शिरण्याआधीच आडवी वाट देते. रेषा फेराइटमधून वळून परत येतात, पत्र्यापर्यंत फार थोड्या पोचतात. फेराइट जवळ आल्यानं इंडक्टन्स वाढतं आणि पत्र्यामुळे घटतं, त्यामुळे ट्यूनिंगची बरीचशी वजाबाकी आपोआप होते.

चुंबकी रबराची पट्टी चालणार नाही. तीही फेराइटच, पण कायम चुंबक बनवायचं कठीण फेराइट. त्याची पारगम्यता, म्हणजे चुंबकीय रेषांना वाट देण्याची क्षमता, हवेपेक्षा जेमतेम जास्त. एक-दीड मिलिमीटरचा रबराचा तुकडा लावल्याइतकाच उपयोग. आपल्याला हवं ते मऊ फेराइट, १३.५६ मेगाहर्ट्झसाठी म्हणून विकलं जाणारं, पारगम्यता १०० च्या पुढे आणि ऊर्जेचा व्यय कमी. ०.१ मिलिमीटरपासून ०.३ पर्यंत जाडी मिळते. जागा असेल तर ०.३ घ्या.

लावायचा क्रम: पत्रा, चिकट थर, फेराइट, त्यावर टॅग, सर्वांत वर छापील स्टिकर. फेराइटचा तुकडा टॅगच्या कॉइलपेक्षा चारी बाजूंनी दीड ते अडीच मिलिमीटर मोठा, म्हणजे २५ च्या टॅगला २८ ते ३०. अगदी कडेला कडा जुळवून कापला की रेषा कडेवरून पत्र्यात उतरतात आणि अर्धा फायदा गेला. वरचं स्टिकर चंदेरी-सोनेरी छपाईचं नको, त्यात धातूचा थर असतो. खाली फेराइट आणि वर धातू, म्हणजे सगळ्या खटाटोपावर पाणी.

नवीपेठ_रिपेरी

फेराइटबद्दल थोडी भर. "फेराइट आहे ना" म्हणून कुठलंही उचलू नका.

सीएफएल, चार्जर, एसएमपीएसमधून निघणारे तुकडे बहुतेक मँगनीज-झिंकचे. ते फार तर एक-दोन मेगाहर्ट्झपर्यंत कामाचे. एनएफसीला निकेल-झिंक लागतं.

बंद पडलेल्या फोनमधून काढणार असाल तर एनएफसी अँटेनामागचा काळा पापुद्रा काढा, तो बरोबर त्याच कामाचा असतो. वायरलेस चार्जिंगच्या कॉइलमागचा नको. चार्जिंग शे-दोनशे किलोहर्ट्झवर चालतं आणि बऱ्याच फोनमध्ये तिथे नॅनोक्रिस्टलाइन पट्टी असते, चमकदार आणि स्वतःच वीज वाहणारी. १३.५६ ला ती फेराइटसारखी कमी आणि पत्र्यासारखी जास्त वागते. दोन्ही अँटेना एकाच पट्टीवर असतील तर बाहेरच्या कडेचा भाग एनएफसीचा असतो, पण मिळणारा तुकडा अरुंद असतो. त्यापेक्षा नवी शीट मागवलेली बरी.

"ईएमआय अ‍ॅब्सॉर्बर" नावानं येणाऱ्या पातळ शीट सरसकट घेऊ नका. त्यातल्या काही मुद्दाम ऊर्जा शोषायलाच बनवलेल्या असतात. माहितीपत्रकात १३.५६ मेगाहर्ट्झ लिहिलंय का बघायचं, बस.

भाजलेल्या फेराइटची शीट कापताना कडकडते, आत बारीक तडे जातात. घाबरू नका. दोन्ही बाजूंना फिल्म असते, तुकडे जागेवरच राहतात. चूर मात्र सांडू द्यायचा नाही. कात्रीनं गोल कापायचा हट्ट सोडा, ३० मिलिमीटरचा चौकोन कापा आणि कोपरे छाटा.

गाळा_नं_७

तुम्ही दोघांनी पीएचडी लावली. माझं मत, तीनपैकी दोन जागी फेराइटची गरजच नाही. धातूपासून लांब जा, झालं.

स्टार्टर डब्याच्या शेजारी भिंत आहे ना? तिथे लावा. भिंतीत नेमकी पाइपलाइन किंवा प्लास्टरखाली जाळी नसली तर पहिल्याच झटक्यात वाचेल. डब्यावरच हवा असेल तर झेंडा करा. प्लास्टिकची दोन मिलिमीटर पट्टी, एक टोक डब्याच्या कडेला चिकटवलेलं, दुसरं टोक चार सेंटीमीटर बाहेर, त्यावर टॅग. मागे पत्रा नाही तर भांडणच नाही. फ्रीजलाही कडेच्या प्लास्टिकच्या मुठीवर लावा.

झेंडा नको असेल तर अंतर द्या. किती द्यायचं ते आधी मोजा. प्लास्टिकचं साधं कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. पत्रा आणि टॅग यांच्यामध्ये एकेक कार्ड वाढवत जायचं. चार कार्डं म्हणजे तीन मिलिमीटर. फोन टेकवून दहापैकी दहा वेळा वाचेपर्यंत कार्डं वाढवायची, मग त्यावर आणखी एक. तेवढ्या जाडीचा अ‍ॅक्रिलिक किंवा फोम कापून आणा. जुनं एटीएम कार्ड घेऊ नका, त्यात स्वतःची चिप आणि अँटेना असू शकते. फोनला दोन टॅग दिसतात आणि तुम्ही दिवसभर डोकं खाजवत बसता.

एक मिलिमीटरच्या टेपनं का नाही झालं ते आता कळलं असेल. अंतर पुरेसं नव्हतं.

जुळे_सोलापूर

कार्डांचा प्रयोग केला. स्टार्टर डब्यावर चार कार्डांना फोन टेकवल्यावरच वाचतो, सहाला सात-आठ मिलिमीटरवरून. फ्रीजवर पाच लागली. चार-साडेचार मिलिमीटरचा गट्टू फ्रीजवर बरा दिसत नाही आणि घरातून नकार आला आहे, त्यामुळे तिथे फेराइटच. मूठ दाराच्या आतच आहे, बाहेर प्लास्टिक नाही.

दरम्यान नमुन्याला दोन अँटी-मेटल टॅग आणले. हातात धरून वाचायला गेलो तर साध्या टॅगपेक्षा वाईट. खराब निघाले का? शिवाय दाराच्या उन्हाचं आणि मोटारीच्या ऑटोमेशनचं कुणी सांगेल का?

कॉइलवाला

खराब नाहीत. अँटी-मेटल टॅग कारखान्यातच "मागे पत्रा आहे" असं धरून ट्यून केलेला असतो. हवेत धरला की त्याचा अनुनाद खाली घसरतो. तपासायचा असेल तर स्टीलचं ताट पालथं घाला आणि त्यावर ठेवून वाचा. त्याच कारणानं अँटी-मेटल टॅगखाली पुन्हा वेगळी फेराइट शीट लावू नका, आणि तो लाकडावरही लावू नका.

बाजू बघा. काळी किंवा करडी फेराइटची बाजू पत्र्याकडे, छापील बाजू आपल्याकडे. काही टॅगना दोन्हीकडून सोलायचा कागद असतो, तिथे हमखास उलटं लागतं.

घेताना चिपही बघा. स्वस्तातल्या पांढऱ्या गोळ्या आणि की-चेन बहुतेकदा मायफेअर क्लासिकच्या असतात. आयफोन त्यावर लिहिलेला मजकूर वाचत नाही, काही अँड्रॉइडही वाचत नाहीत. एनटॅग २१३ पुरतो. वापरायला १४४ बाइट मिळतात आणि होम असिस्टंटचा पत्ता, ३६ अक्षरी आयडी आणि अँड्रॉइड अ‍ॅपची नोंद मिळून १२० च्या आसपास जातात. २१५ किंवा २१६ साठी जास्त पैसे द्यायचं कारण नाही.

हातमाग_ते_वायफाय

दाराबद्दल. एनटॅग २१३ ची कामाची मर्यादा उणे २५ ते ७० अंश सेल्सिअस. हवेचं तापमान ४२-४३ असताना पश्चिमेच्या उन्हात गडद रंगाचं लोखंड हात टेकवू देत नाही, म्हणजे मर्यादा फार लांब नाही. चिप तरी तग धरेल, पण आधी दगा देतो तो गोंद. साध्या स्टिकरचा गोंद उन्हात मऊ होतो, टॅग उभ्या पाइपावरून हळूहळू खाली घसरतो, कडेनं उचलतो, आत धूळ शिरते. एकदा धूळ शिरली की पुन्हा दाबून काही होत नाही.

पहिला सल्ला, बाहेरून लावूच नका. "घर सोडतोय" हा टॅग आतल्या बाजूला, सावलीत. बाहेर टेकवून करायचं असं त्यात काही नाही, आणि बाहेरचा टॅग येणाऱ्या-जाणाऱ्यानं खरवडून न्यायला किती वेळ? पाइपाची चौकट २५ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर टॅगची कड बाहेर लटकते आणि लवकर सुटते. कुलपाच्या पट्टीवर सपाट जागा असते ती घ्या.

लोखंडावर एपॉक्सीत ओतलेला किंवा कडक प्लास्टिकच्या डबीतला अँटी-मेटल टॅग आणि त्यामागे अ‍ॅक्रिलिक फोम टेप, व्हीएचबी प्रकारची. चिकटवण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनर नको, ऑइलपेंट उचलला जातो. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर आधी घासून घ्या. टेप रंगाला धरते, लोखंडाला नाही, रंग निघाला की टॅगही निघाला. चिकटवायचं सकाळी, लोखंड गार असताना. पंधरा-वीस सेकंद जोरात दाबायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही, या टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात.

वायरमन_अण्णा

मोटारीवर मी बोलतो, कारण इथे टॅगपेक्षा मोठ्या चुका होतात.

एक एचपीची सिंगल फेज मोटार चालताना पाच-सहा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट. १६ अँपिअर लिहिलेल्या स्मार्ट स्विचला ती थेट जोडली की काही महिन्यांत रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मग अ‍ॅपवर "बंद" दिसतं, मोटार मात्र चालूच. स्मार्ट स्विचनं फक्त कॉन्टॅक्टरची (जड प्रवाह सोसणाऱ्या मोठ्या रिलेची) २३० व्होल्टची कॉइल ओढायची, मोटार कॉन्टॅक्टरवर. ओव्हरलोड रिले आहे तसाच राहू द्या. पॅनेल बोअरच्या मोटारीचं असेल आणि हिरवं बटण सेकंद-दोन सेकंद दाबून धरावं लागत असेल, तर आत स्टार्ट कपॅसिटर आहे. तिथे साधा चालू-बंद पुरणार नाही, दुसऱ्या रिलेनं तेवढा वेळ पल्स द्यावी लागते. हे काम वायरमनकडूनच. डब्याला अर्थिंग आहे का तेही त्याच दिवशी तपासून घ्या, आता घरातला प्रत्येक जण फोन घेऊन त्या पत्र्याला हात लावणार आहे. आणि टॅगसाठी डब्याला भोक पाडू नका.

आता ४० मिनिटं. ही वेळ होम असिस्टंटमध्ये ठेवू नका, स्विचमध्येच ठेवा. मधेच लाइट गेली, राउटर बसला किंवा पायचं कार्ड रुसलं तर बंद करणारा हुकूम पोचतच नाही. स्विचमध्ये टॅस्मोटा हे फर्मवेअर असेल तर पल्सटाइम (आपोआप बंद होण्याची वेळ) २५०० द्या. ११२ च्या पुढच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात, २४०० सेकंद म्हणजे ४० मिनिटं. लाइट परत आल्यावर स्विच बंदच राहील अशीही सेटिंग करा. हौदात फ्लोट स्विच हवाच. पाणी संपलं तर मोटार कोरडी फिरते आणि सील जळतं, टायमरला त्यातलं काही कळत नाही.

टॅगला टॉगल लावू नका. फोन एक सेकंद जास्त टेकला किंवा दोघांनी पाठोपाठ टेकवला की चालू-बंद-चालू. त्या टॅगनं फक्त चालू. बंद करायला लाल रंगाचा वेगळा टॅग, पहिल्यापासून निदान सात-आठ सेंटीमीटर दूर. ऑटोमेशन सिंगल मोडमध्ये ठेवून शेवटी ३० सेकंदांचा डिले टाका, म्हणजे तेवढ्या वेळात आलेलं दुसरं स्कॅन वाया जातं. पाण्याच्या नोंदीसाठी इनपुट डेटटाइम हेल्पर (होम असिस्टंटमधली तारीख-वेळ साठवायची जागा) आणि त्याच ऑटोमेशनमध्ये लॉगबुकची एक ओळ. दुधाला काउंटर हेल्पर, एका टेकवण्याला एक, महिन्याच्या १ तारखेला शून्य. तिथेही तोच डिले, नाहीतर महिनाअखेरीला दूधवाल्याशी वाद.

गाळा_नं_७

अण्णांनी राहू दिलेलं एक. टॅगमध्ये कुलूप उघडण्यासारखं काही ठेवू नका बे. त्यातला पत्ता कुठलाही फोन वाचतो आणि कोऱ्या टॅगवर उतरवूनही घेतो. होम असिस्टंटमध्ये नोंद नसलेल्या फोननं टेकवलं तर नुसतं वेबपान उघडतं, मोटार हलत नाही, तेवढं संरक्षण आहे. हवं तर ऑटोमेशनमध्ये घरातल्या फोनच्या डिव्हाइस आयडीची अट घाला.

टॅग रीड-ओन्ली करायचा असेल तर पंधरा दिवस वापरून मग. कायमचं लॉक म्हणजे कायमचं, उलटता येत नाही. टॅग फुटला तरी काळजी नाही. आयडी होम असिस्टंटच्या यादीत असतो, तोच नव्या टॅगवर लिहा, ऑटोमेशनला हात लावावा लागत नाही.

नवीपेठ_रिपेरी

"टॅग खराब" म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारी फोनच्याच निघतात. आयफोनची एनएफसी कॉइल वरच्या कडेला असते, मधोमध टेकवून वाचत नाही. अँड्रॉइडमध्ये बहुधा कॅमेऱ्याखाली किंवा पाठीच्या मध्यावर. अँड्रॉइडचा पडदा उघडा आणि अनलॉक हवा. गाडीतल्या मॅग्नेट होल्डरसाठी कव्हरमध्ये पत्र्याची चकती सरकवलेली असेल तर ती आधी काढा, टॅगखाली फेराइट घालून फोनमागे पत्रा ठेवण्यात काय हशील? अ‍ॅप न उघडता वाचायला आयफोन एक्सआर, एक्सएस किंवा त्यानंतरचा लागतो आणि येणाऱ्या सूचनेवर बोट टेकवावं लागतं. तेही नको असेल तर शॉर्टकट्समध्ये एनएफसी ऑटोमेशन करा आणि ते न विचारता लगेच चालेल असं ठेवा. ते टॅगच्या क्रमांकावरच चालतं, टॅग कोरा असला तरी.

जुळे_सोलापूर

ठरलं ते असं. स्टार्टर डब्यावर पाच मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचे दोन गोल, हिरवा आणि लाल, मध्ये दहा सेंटीमीटर अंतर, वर आहेत तेच साधे टॅग. फ्रीजला ०.३ मिलिमीटर फेराइटचा ३० मिलिमीटरचा तुकडा. दाराच्या आतल्या बाजूला कुलपाच्या पट्टीवर कडक डबीतला अँटी-मेटल टॅग. तो पालथ्या ताटावर तपासला, एक सेंटीमीटरवरून वाचतो. कॉन्टॅक्टरसाठी रविवारी वायरमनला बोलावलंय.

एकच शंका राहिली. फ्रीजचं दार किंचित गोलाई घेतलेलं आहे, त्यावर फेराइट बसेल का?

कॉइलवाला

भाजलेली शीट आधीच तडे दिलेली असेल तर बसेल. नाहीतर पॉलिमरमधली लवचिक शीट घ्या. तिची पारगम्यता कमी असते, म्हणून ०.३ चे दोन थर लावा. दोन थरांमध्ये आणि दारावर हवेचे फुगे राहिले तरी वाचनाला बाध येत नाही, पण कड उचलते. मधून कडेकडे बोटानं दाबत न्या.